फळ्यावरचं नाव

नाताळ अंकासाठी रागावर लिहा, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा माझी बायको रूथ वाचून हसली. म्हणाली, "माणूस बरोबर शोधलाय." तिचं हसणं मला झोंबलं, आणि लगेच लक्षात आलं की विषय अजून संपलेला नाही.

मी सत्तावीस वर्षं दूध तपासलं. आमचं मूळ घर आष्टीकडचं, पण नोकरीची बहुतेक वर्षं धारूरच्या घाटाखालच्या एका गावात गेली. तिथल्या सहकारी दूध संस्थेत मी टेस्टर होतो. शिमोन हे नाव पगारपत्रकापुरतं; गावात मला सगळे टेस्टरच म्हणायचे. काम सोपं दिसतं. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहतात. टेस्टर किटलीतलं दूध ढवळतो, उंच भांड्यात घेतो आणि त्यात काचेची एक नळी सोडतो. नळी दुधात तरंगते आणि तिच्यावरचा आकडा वाचायचा असतो. त्याला आम्ही डिग्री म्हणतो. दूध दाट असेल तर नळी वर राहते, पातळ असेल तर खाली जाते. म्हशीच्या दुधाला अठ्ठावीस-तीस डिग्री लागावी. सव्वीसच्या खाली गेली की टेस्टर मान वर करून माणसाकडे बघतो. रांगेतला प्रत्येक जण त्या मान वर करण्याला भिऊन असायचा, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

दुसरी तपासणी फॅटची. थोड्या दुधात ॲसिड घालून ते काचेच्या बाटलीत भरायचं, यंत्रात घालून हाताने गरागरा फिरवायचं, म्हणजे स्निग्धांश वर येतो आणि मोजता येतो. याला वेळ लागतो. रांग मोठी असली की टेस्टर नमुने काढून ठेवतो आणि फॅट मागाहून बघतो. या दोन तपासण्यांमधला फरक कळल्याशिवाय माझी गोष्ट कळणार नाही, म्हणून एवढं सांगितलं.

लोकही काही कमी नव्हते. एक गृहस्थ रोज साय काढून दूध आणायचे आणि फॅट लागली नाही की म्हणायचे, आमची म्हैस अंगानेच सडपातळ आहे. दुसऱ्या एकाने पाणी घातलं आणि डिग्री उतरू नये म्हणून वर साखर घातली. नळी ऐटीत तरंगली. मी बोट बुडवून चाखलं आणि म्हणालो, आता पत्ती टाका, चहाच घेऊ. रांग पोट धरून हसली. त्या माणसाचं नाव मी फळ्यावर लिहिलं.

हा फळा म्हणजे आमच्या संस्थेची खास रीत. संस्थेच्या भिंतीला शाळेतला एक जुना फळा टांगलेला होता. ज्याच्या दुधात पाणी सापडेल त्याचं नाव टेस्टरने खडूने त्यावर लिहायचं आणि ते आठ दिवस ठेवायचं. नाव फळ्यावर असेपर्यंत त्याचं दूध घ्यायचं नाही. नियम असाही होता, की नाव लिहिण्याआधी टेस्टरने त्याच्या गोठ्यावर जावं, आपल्यासमोर धार काढायला लावावी आणि ते दूध तपासावं. गोठ्यावरचं दूधही तसंच पातळ निघालं तर दोष जनावराचा, माणसाचा नाही. पहिली काही वर्षं मी हा नियम पाळला. पुढे मला वाटायला लागलं, की माझ्या डोळ्यांना गोठ्याची गरज नाही.

मी मुळातला तापट. वडीलही तसेच होते. पण आमच्या घरी एक शिस्त होती. दिवस मावळायच्या आत राग मिटवायचा, ही शास्त्रातली शिकवण वडील अक्षरशः पाळायचे. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसल्यावर ते विचारायचे, कोणाचं कोणाशी काही आहे का? असलं तर बोलून टाकल्याशिवाय ताटं वाढली जात नसत. मी नोकरीत ही शिस्त मोडीत काढली, आणि वर सबबही तयार ठेवली. संध्याकाळचं दूध दिवेलागणीला येतं. सूर्य मावळल्यावर आलेल्या रागाला दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत आहे, असं मी रूथला थट्टेने म्हणायचो. ती हसायची नाही.

एक राग मात्र मी बारा वर्षं सांभाळला होता. नवा आलो तेव्हा दोघा-तिघांनी मला ऐकू जाईल असं विचारलं होतं, आमच्या दुधात ह्याने नळी बुडवायची का? अध्यक्षांनी त्यांना गप्प केलं. मीही हसून सोडून दिलं, म्हणजे तसं दाखवलं. आत तो राग तसाच राहिला आणि वर्षानुवर्षं दुसऱ्याच लोकांवर निघत राहिला. हे मला तेव्हा कळत नव्हतं.

बाराव्या वर्षी पाऊस झालाच नाही. नाताळ होईपर्यंत विहिरी तळाला गेल्या, गावात टँकर सुरू झाला. कडबा संपला. संस्थेने उसाचे वाढे मागवून चाऱ्याचा डेपो उघडला. जो सभासद दूध घालेल त्याला त्या दिवशीच्या चाऱ्याची चिठ्ठी मिळायची. म्हणजे आता फळ्यावर नाव लागलं की नुसती अब्रू जात नव्हती, जनावराचा चाराही बंद होत होता. नियम करताना हा विचार कोणी केला नाही. मीही केला नाही.

अशात एका सोमवारी, आमचं दूध जिथे जायचं त्या शीतकरण केंद्राने आमचे दोन कॅन परत पाठवले. डिग्री कमी, दुधात पाणी आहे, असा शेरा होता. अध्यक्षांना सगळे दादा म्हणत. मोठे शेतकरी, तालुक्याच्या राजकारणात वजन असलेला माणूस. त्यांनी मला चारचौघांत विचारलं, टेस्टर झोपा काढायला ठेवलाय का? अध्यक्षांवर रागावण्याची सोय नव्हती. तो राग मी संध्याकाळच्या रांगेपर्यंत तसाच घेऊन आलो.

रांगेत कौसाबाई होती. वस्तीवर राहणारी, पन्नाशीची बाई. नवरा आणि मुलगा दिवाळीनंतरच कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेले. ही एका म्हशीसाठी मागे राहिली होती. म्हशीचं वेत सरत आलं होतं, दूध कमी होत चाललं होतं, तरी दोन्ही वेळा दूध आणायची. बारा वर्षांत तिच्या दुधाबद्दल कधी तक्रार नव्हती. मी आलो तेव्हा नळीबद्दल बोलणाऱ्यांत ती नव्हती. उलट पहिल्या नाताळला आमच्या दारात येऊन रूथच्या हातचा चहा पिऊन गेलेली ती पहिली बाई.

तिच्या दुधात नळी सोडली आणि ती चोवीसवर जाऊन थांबली. मी मान वर केली. म्हणालो, लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला दुधात घालायला पुरतं?

ती म्हणाली, "पाणी कुठनं घालू साहेब? घागरीत पाणी असतं तर म्हशीला पाजलं नसतं व्हय?"

बोलणं बिनतोड होतं, आणि म्हणूनच माझा तोल गेला. मी तिची किटली उचलली आणि सगळ्यांदेखत दूध ओट्याखाली ओतून दिलं. मग खडू घेऊन फळ्यावर तिचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत. तिने रिकामी किटली उचलली, पदर सारखा केला आणि ती गेली.

घरी आलो तो मोठ्या खुशीत. रूथने ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोठ्यावर जाऊन आलात का?" मी तिच्यावरही ओरडलो. त्या रात्री आमच्या घरी प्रार्थना झाली, पण कोणाचं कोणाशी काही आहे का, हे कोणी विचारलं नाही.

पुढच्या चार दिवसांत एकेकाची डिग्री उतरायला लागली. पंचवीस, साडेचोवीस, परत पंचवीस. सगळं गाव एकाच आठवड्यात लबाड झालं, हे माझ्यासारख्या संशयी माणसालाही पटेना. नवी नावं लिहिली नाहीत, आणि शुक्रवारी मी या लोकांच्या बाटल्या यंत्रात घालून फॅट काढली. फॅट भरपूर होती. बाटली हातात धरून मी बसून राहिलो. जो धंदा शिकतो त्याला हे पहिल्या दिवशी शिकवतात: दुधात पाणी घातलं तर डिग्री उतरते आणि फॅटही उतरते. पण जनावर उपाशी असेल तर डिग्री उतरते, फॅट फारशी उतरत नाही. नुसत्या वाढ्यांवर दिवस काढणाऱ्या म्हशींचं दूध होतं ते. कौसाबाईच्या दुधाचा नमुना काढून ठेवला असता तर त्याच संध्याकाळी मला हे कळलं असतं. मी नमुना काढायच्या आधीच दूध ओतलं होतं. ओतलेल्या दुधाची फॅट काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा आठवली, आणि ती लिहायला मला आजही जड जातं. त्याच सोमवारच्या दोन दिवस आधी दादांच्या वाड्यावरचं दूध आलं होतं. त्याची डिग्री पंचवीस होती. तेव्हा मी मान वर केली नव्हती. मनात म्हणालो होतो, धार नुकतीच काढलेली दिसते, दूध कोमट आहे, कोमट दुधाची डिग्री जरा कमी लागते. अठ्ठावीस लिहून मोकळा झालो. म्हणजे माझ्या रागाला माणूस ओळखता येत होता. मी इतकी वर्षं समजत होतो की राग आला की मला काही दिसत नाही. चांगलं दिसत होतं.

शुक्रवारी सगळं कळलं, तरी मी कौसाबाईकडे गेलो नाही. आठ दिवस भरतीलच, नाव आपोआप पुसलं जाईल, मग बघू, असं ठरवलं. चूक कळल्यावरचे हे दोन दिवस मला त्या सोमवारपेक्षा जास्त खुपतात.

आमच्या भागात ख्रिस्ती घरं चारच. महिन्यातून एका रविवारी अंबाजोगाईहून पाळकसाहेब एसटीने यायचे आणि सकाळच्या दुधानंतर आमच्याच खोलीत उपासना व्हायची. तो रविवार नेमका त्यांचा होता. चहा पिताना रूथने विषय काढला. मी स्वतःच्या बाजूने शास्त्रच पुढे केलं. म्हणालो, प्रभूनेही मंदिरातले सराफांचे चौरंग उलथून टाकले होतेच की. लबाडीवर राग येणं हे पाप कसं?

पाळकसाहेब फार बोलणारे नव्हते. बशीतला चहा संपवून म्हणाले, "राग येणं पाप नाही, शिमोन. पण प्रभू स्वतःसाठी रागावला नव्हता. त्या संध्याकाळी तू कोणासाठी रागावला होतास?"

मी दुधासाठी म्हणणार होतो, संस्थेसाठी म्हणणार होतो. पण समोर दादांचा चेहरा आला आणि बारा वर्षांपूर्वीचे ते दोघे-तिघे आले. कौसाबाई त्यात कुठेच नव्हती.

उपासना सुरू झाली. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर मोडून सगळ्यांनी खायची. भाकर मोडण्याआधी पाळकसाहेबांनी ती शिकवण सांगितली, की तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हे मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की तिथे तुझ्या मनातल्या रागाविषयी नाही विचारलेलं. दुसऱ्याच्या मनात तुझ्यामुळे काय आहे, हे विचारलंय. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत यायच्या आत मी उठलो, खोलीतून बाहेर पडलो आणि नळी आणि भांडं घेऊन वस्तीकडे निघालो.

कौसाबाई गोठ्यात होती. म्हशीच्या फासळ्या मोजता येत होत्या. सहा दिवस तिच्यापुढे चिठ्ठीचा चारा पडला नव्हता; कौसाबाई बांधाबांधाने फिरून काड्या गोळा करून आणत होती. मी म्हणालो, धार काढा. तिने तांब्या घेऊन काढली. तांब्याच्या तळाला जेमतेम दूध आलं. त्याने भांडंही भरेना. नळी कशीबशी तरंगली आणि चोवीसच्याही खाली गेली. माझ्यासमोर काढलेलं दूध.

मी म्हणालो, कौसाबाई, चूक माझी झाली, मला माफ करा.

ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती. म्हणाली, "ओतलं तवा सारं गाव हुतं साहेब. अन् चूक झाली म्हन्ता ते हितं, गोठ्यात. म्हशीला सांगून काय उपेग?"

मग म्हणाली, मला वाचता येत नाही, पण माझं नाव फळ्यावर लागलंय हे चौघींनी घरी येऊन सांगितलं.

त्या संध्याकाळी रांग भरल्यावर मी तिचं नाव पुसलं आणि त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत माझं नाव लिहिलं. लोकांना सांगितलं, की कौसाबाईच्या दुधात पाणी नव्हतं. मी नियम मोडून गोठ्यावर न जाता नाव लिहिलं. आणि हेही सांगितलं, की त्याच्या दोनच दिवस आधी अध्यक्षांच्या दुधाची डिग्री पंचवीस होती आणि मी ती अठ्ठावीस लिहिली. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, मी आपणहून. नोकरी जाईल असं वाटत होतं.

दादा तिथेच खुर्चीवर होते. आवाज न चढवता म्हणाले, "टेस्टरचं नाव फळ्यावर लागल्यावर संस्थेवर इस्वास कोन ठिवील रं?"

मी म्हणालो, दादा, खोटं नाव फळ्यावर राहिलं तर कोण ठेवील? ते उठून गेले. पुढे तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. पण नोकरी गेली नाही, आणि शीतकरण केंद्रात जाऊन उपाशी जनावरांच्या दुधाचं भांडण त्यांनीच भांडलं. आमचं दूध परत येणं थांबलं. माणसाला एका गोष्टीवरून मोजू नये हेही मी तिथेच शिकलो.

फळ्याखाली बसून काम करणं ही वेगळीच शिक्षा होती. लोक किटली ठेवता ठेवता विचारायचे, टेस्टर, आज तुमची डिग्री किती? त्या दिवसांत मला एकदाही राग आला नाही. यायला जागाच नव्हती. तेव्हाच मी एक सवय लावून घेतली. संशय आला की आधी नमुना काढायचा, फॅट बघायची, मग तोंड उघडायचं. यंत्र फिरवून होईपर्यंत निम्मा राग हातातून निघून जातो. निवृत्तीपर्यंत मी एवढंच केलं. माझा स्वभाव बदलला असं मी म्हणणार नाही, रूथ ते छापू द्यायची नाही. राग येतो तसा येतोच. फक्त त्याला आधी रांगेत उभं करतो.

कौसाबाईला त्याच रविवारपासून चाऱ्याची चिठ्ठी सुरू झाली. ती दूध आणायला लागली, पण आधी आणायची त्याच्या निम्मं, मग पाव. आठव्या दिवशी किटलीच्या तळाला बोटभर दूध होतं. मी तिला म्हणालो, आज माझे आठ दिवस भरले, रीतीप्रमाणे नाव पुसायचं आहे, तुम्ही हो म्हणालात तर पुसतो.

तिने फळ्याकडे बघितलं. म्हणाली, "आनखी आठ दिस ऱ्हाऊ द्या."

मी ठेवलं. लोकांनी कारण विचारलं, मी सांगितलं. मधल्या दिवसांत ती दिसली नाही.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी ती रांगेत उभी होती. नंबर आल्यावर तिने किटली टेबलावर ठेवली. मी सवयीने झाकण उघडलं. आत काही नव्हतं, धुऊन पुसून कोरडी केलेली किटली होती.

"म्हैस आटली साहेब," ती म्हणाली. "दूध न्हाई. तुमचं नाव पुसायला आले."

तिने पदराने फळा पुसला, सावकाश, कानाकोपऱ्यातलासुद्धा खडू राहू दिला नाही. मला तेव्हा रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आटलेली म्हैस पुन्हा व्यायल्याशिवाय दूध देत नाही, हे टेस्टरला कोणी सांगावं लागत नाही. वेत सरत आलंच होतं, असं काही जण मला समजावायला म्हणाले. पण त्या सहा दिवसांचा चारा मिळाला असता तर ती म्हैस उन्हाळ्यापर्यंत तरी चालली असती, हे मला माहीत होतं आणि कौसाबाईलाही. त्याच आठवड्यात तिने म्हैस भावाकडे नेऊन बांधली, घराला कुलूप लावलं आणि कोयता घेऊन नवऱ्याच्या टोळीत निघून गेली.

आमच्या उपासनेत साक्ष देण्याची पद्धत आहे. प्रभूने आपल्यासाठी काय केलं हे उभं राहून सांगायचं. मी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे आणि मला क्षमा मिळाली, असं म्हणून खाली बसलो आहे. आता लिहितोच आहे तर पूर्ण लिहितो. मला क्षमा मिळाली आणि किटली रिकामी होती. दुसरं सांगितल्याशिवाय माझी साक्ष पुरी होत नाही.